एक लाइन तुटली तरी काम चालू राहावे म्हणून : घरच्या राउटरवर फेलओव्हर बसवण्याची रीत

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीबाहेर एका मे महिन्यात पावसाळी गटाराचे काम निघाले आणि सकाळी साडेदहाच्या सुमारास जेसीबीने फायबर तोडला. माझ्याकडे तेव्हा दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या होत्या, दोन वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरच्या दोन लाइन जोडता येणारा, राउटर होता, तरीही घरातले नेट गेले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरून उतरून एकाच पाइपातून इमारतीत शिरत होत्या, हे मला त्या दिवशी कळले. पत्नीने ऑडिटची कागदपत्रे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून कशीबशी पाठवली. त्यानंतर मी सगळी मांडणी पुन्हा पायापासून केली. ती करताना जे हाताला लागले, ते क्रमाने सांगतो.

फेलओव्हर म्हणजे मुख्य लाइन बंद पडल्याचे राउटरने स्वतः ओळखणे, सगळी वाहतूक दुसऱ्या लाइनवर नेणे आणि मुख्य लाइन सावरली की परत आणणे. बहुतेक राउटरच्या मेनूत याच्या शेजारीच लोड बॅलन्सिंगचा पर्याय असतो, ज्यात दोन्ही लाइन एकाच वेळी वापरल्या जातात. घरात किंवा लहान कार्यालयात तो मोह टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या एका विनंतीचा आयपी पत्ता (नेटवर तुमची जोडणी ओळखणारा क्रमांक) एका कंपनीचा आणि पुढच्या विनंतीचा दुसऱ्या कंपनीचा दिसू लागला, की नेट बँकिंगच्या साइट मध्येच लॉगआउट करतात, आणि बिघाड कुठे आहे हे शोधण्यात दिवस जातो.

दुसरी लाइन निवडताना

दोन लाइन एकाच कारणाने एकाच वेळी बंद पडणार असतील, तर दुसऱ्या लाइनचे पैसे वाया जातात. म्हणून प्लॅनची किंमत विचारण्याआधी जोडणी द्यायला आलेल्या लाइनमनला विचारावे, की तुमची केबल कोणत्या रस्त्याने येते, कोणत्या खांबावरून उतरते आणि आमच्या इमारतीत कुठून शिरते. तो प्रामाणिकपणे सांगतो, कारण दुरुस्तीला त्यालाच यावे लागते. पेठांमध्ये तर वाड्यांच्या भिंतींवरून आणि झाडांवरून चार-पाच कंपन्यांच्या तारा एकाच गुंडाळीत जाताना दिसतात. तिथे एक फांदी पडली की सगळ्यांचे नेट एकदमच जाते.

दुसरा प्रश्न लाइनच्या जातीचा. फायबर थेट घरातल्या ओएनटीपर्यंत (फायबर जिथे संपतो ती कंपनीची पेटी) येत असेल, तर वाटेतल्या स्प्लिटरला, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या भागाला, वीज लागत नाही, त्यामुळे सोसायटीची वीज गेली तरी तुमच्या घरातला ओएनटी चालू असेपर्यंत लाइन सहसा टिकते. याउलट काही स्थानिक ऑपरेटर गच्चीवर किंवा लिफ्टच्या खोलीत स्विच ठेवतात आणि तिथून साधी लॅन केबल घरात आणतात. त्या स्विचची वीज गेली, की तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही उपयोग होत नाही.

माझा निष्कर्ष असा, की मुख्य लाइन फायबरची असेल तर राखीव लाइन बिनतारी असावी : एअरफायबरसारखी जोडणी, किंवा सिम घातलेला फोरजी अथवा फाइव्हजी राउटर. सिम मात्र फायबरच्या कंपनीचे घेऊ नये. मोबाइल टॉवरसुद्धा बहुधा फायबरनेच जोडलेले असतात, आणि तुमच्या भागातल्या त्या कंपनीचा मूळ फायबर तुटला तर टॉवर उभा असूनही त्यावरचे नेट बंद पडू शकते. सिम घेण्याआधी त्या कंपनीचे सिम असलेला एखाद्या मित्राचा फोन घरी आणून, राउटर जिथे ठेवायचा त्या खिडकीपाशी, सकाळी आणि रात्री नऊनंतर असा दोनदा वेग मोजून पाहावा. रात्री टॉवरवर गर्दी असते आणि खरा आकडा तेव्हाच कळतो. राखीव लाइन वेगवान असण्याची गरज नाही. तिच्यावर एक व्हिडिओ मीटिंग आणि नेहमीची कामे नीट चालली, की ती पुरेशी आहे.

विजेची सोय

पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या देखभाल-दुरुस्तीचा वार असतो, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. ओएनटी, मुख्य राउटर आणि राखीव लाइनचे उपकरण या तिन्हींना बॅटरीचा आधार हवा. इन्व्हर्टर असला तरी वीज जाताना आणि येताना जो क्षणभर खंड पडतो, त्यात काही ओएनटी रीस्टार्ट होतात आणि पुढची दोन-तीन मिनिटे वाया जातात. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस यावर चांगला उपाय आहे. तो घेताना प्रत्येक उपकरणाच्या अडॅप्टरवरचे लेबल वाचावे : व्होल्ट तंतोतंत तेच असले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. ९ व्होल्टच्या उपकरणाला १२ व्होल्ट दिले तर ते जळू शकते.

राउटर आणि जोडणी

कंपनीने दिलेल्या वायफाय राउटरवर ही सोय बहुधा नसते, म्हणून दोन वॅन हाताळणारा स्वतंत्र राउटर घ्यावा लागतो. टीपी-लिंकचा ईआर६०५, मायक्रोटिकचा हेक्स, ड्युअल वॅनचा पर्याय असलेले आसूसचे राउटर, किंवा ओपन-डब्ल्यूआरटी ही मोफत राउटर-प्रणाली घातलेले जुने यंत्र, यांपैकी काहीही चालते. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, चौकशी केली तर यांतले काही मिळून जाते. ईआर६०५ आणि हेक्स यांच्यात वायफाय नाही, हे लक्षात ठेवून वायफायसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट गृहीत धरावा. जुना वायफाय राउटर त्या कामी लावता येतो.

जोडणी अशी करावी. मुख्य लाइनच्या ओएनटीच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल नव्या राउटरच्या पहिल्या वॅनमध्ये, राखीव लाइनच्या उपकरणातून निघालेली केबल दुसऱ्या वॅनमध्ये, आणि घरातील बाकी सर्व उपकरणे नव्या राउटरच्या मागे. यानंतर दोन्ही कंपन्यांच्या उपकरणांवरचे वायफाय बंद करावे. हे काम अनेकजण विसरतात. घरातल्या कुणाचा फोन सवयीने जुन्या वायफायलाच चिकटून राहिला, तर तो नव्या राउटरला वळसा घालून थेट एकाच लाइनवर बसतो, आणि त्या माणसाच्या दृष्टीने फेलओव्हर कधीच चालत नाही.

पुढची अडचण आयपी पत्त्यांची. दोन्ही कंपन्यांची उपकरणे कारखान्यातून १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन आली असण्याची शक्यता मोठी असते. दोन्ही वॅनवर एकच पत्तामालिका आली, की राउटरला कोणता गेटवे (बाहेर जाण्याचे दार) कुठल्या बाजूला आहे हे कळत नाही. काही राउटर अशी जोडणी नाकारतात, काही निमूटपणे चुकीच्या बाजूला वाहतूक पाठवतात. म्हणून मुख्य ओएनटी १९२.१६८.१.१ वर राहू द्यावा, राखीव उपकरण १९२.१६८.२.१ वर न्यावे, आणि स्वतःच्या राउटरची आतली मालिका १९२.१६८.५०.० सारखी या दोहोंपासून दूर ठेवावी. ओएनटी ब्रिज मोडवर (वाहतूक नुसती पुढे सोडणाऱ्या) टाकून पीपीपीओई, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात होणारे लॉगिन, नव्या राउटरवरच करणे अधिक स्वच्छ असते, पण त्यासाठी कंपनीकडून युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक मिळवावा लागतो. हे मिळत नसेल तर दुहेरी नॅट (ओएनटी आणि राउटर दोघांनीही पत्ते बदलणे) राहू द्यावे. रोजच्या वापरात त्याने अडत नाही. पीपीपीओई केलेच, तर त्या वॅनचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४९२ आहे ना हे पाहावे, कारण पीपीपीओईचे शीर्षक ८ बाइट खाते आणि एमटीयू चुकीचा राहिल्यास काही साइट अर्ध्यावर अडकतात.

लाइन गेली हे राउटरला कसे कळते

साऱ्या मांडणीतला कळीचा भाग हा आहे, आणि बहुतेक फेलओव्हर इथेच फसतात. राउटरची स्वाभाविक समजूत अशी असते, की वॅन पोर्टचा दिवा लागलेला आहे म्हणजे लाइन चालू आहे. फायबरच्या घरात ही समजूत जवळजवळ नेहमी चुकते. वॅनची केबल राउटरपासून दोन फुटांवरच्या ओएनटीपर्यंत जाते, आणि ओएनटीला वीज आहे तोवर तो दिवा लागलेलाच राहतो, मग रस्त्यावरचा फायबर तुटून ओएनटीवर लाल दिवा चमकत असला तरी. राउटरने फक्त गेटवेला पिंग केले (छोटा संदेश पाठवून उत्तर मागितले) तरी तेच, कारण दुहेरी नॅटमध्ये गेटवे म्हणजे तोच घरातला ओएनटी असतो आणि तो आनंदाने उत्तर देतो.

तेव्हा राउटरने कंपनीच्या जाळ्यापलीकडचा पत्ता तपासला पाहिजे. क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ आणि १.०.०.१, गूगलचे ८.८.८.८ आणि ८.८.४.४, क्वाड९चे ९.९.९.९ हे पत्ते यासाठी सर्रास वापरले जातात. एकाच पत्त्यावर विसंबू नये. दोन वेगळ्या संस्थांचे दोन पत्ते द्यावेत आणि दोन्ही गप्प झाले तरच लाइन गेली असे मानावे, नाहीतर त्यांच्याकडे काही बिघाड झाला की तुमची धडधाकट लाइन सोडून राउटर राखीव लाइनवर जाईल.

यात एक सापळा आहे, आणि मी त्यात एक आठवडा अडकलो होतो. मुख्य लाइनची तपासणी मुख्य लाइनवरूनच बाहेर पडली पाहिजे. ती राखीव लाइनवरून गेली तर उत्तर येईल, राउटर मुख्य लाइन बरी झाली असे समजेल, तिच्याकडे वळेल, पुन्हा अपयश येईल, पुन्हा परत जाईल, आणि हे चक्र चालूच राहील. ते टाळण्यासाठी काही राउटरवर तपासणीच्या पत्त्याचा मार्ग एका वॅनला कायमचा बांधावा लागतो. मी ८.८.८.८ असा मुख्य लाइनला बांधला, पण घरातल्या सगळ्या उपकरणांना डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) म्हणून तोच पत्ता दिलेला होता. मुख्य लाइन गेली, राउटर बरोबर राखीव लाइनवर गेला, पण डीएनएसच्या विनंत्या मात्र मेलेल्या लाइनवरच जात राहिल्या. पिंग चालत होते आणि एकही साइट उघडत नव्हती. म्हणून तपासणीचे पत्ते आणि डीएनएसचे पत्ते वेगवेगळे ठेवावेत : उदाहरणार्थ, मुख्य लाइनच्या तपासणीसाठी ८.८.४.४ आणि १.०.०.१, तर उपकरणांच्या डीएनएससाठी १.१.१.१ आणि ९.९.९.९. कंपनीने स्वतःहून दिलेला डीएनएस उपकरणांना देऊ नये, कारण तो अनेकदा त्याच कंपनीच्या जाळ्यातून आलेल्यांनाच उत्तर देतो.

आता वेळेचे गणित. दर ५ सेकंदांनी एक तपासणी आणि सलग ३ अपयशांनंतर लाइन सोडणे, असे ठेवले तर साधारण १५ ते २० सेकंदांत बदल होतो. यापेक्षा घाई केली तर रात्रीच्या गर्दीत हरवलेल्या एक-दोन पिंगांवरूनही राउटर उड्या मारू लागतो. परत येताना मात्र भरपूर धीर धरावा. लाइनमन फायबर जोडत असतो तेव्हा लाइन पाच-दहा मिनिटांत कितीदा तरी येते आणि जाते, आणि प्रत्येक बदलात चालू असलेला कॉल तुटतो. म्हणून परतीसाठी सलग २० ते २५ यशस्वी तपासण्या, म्हणजे सुमारे दोन मिनिटांची स्थिर लाइन, मी आवश्यक मानतो.

लाइन पूर्ण न तुटता आजारी पडते, तो प्रकार जास्त त्रासदायक आहे : निम्मे पिंग पोचतात, निम्मे हरवतात, आणि राउटर सलग तीन अपयशांची वाट पाहत बसतो. पीएफसेन्ससारख्या राउटर-प्रणालीत गळतीच्या (हरवलेल्या पिंगांच्या) टक्केवारीवर लाइन सोडता येते. तिथे मूळ मर्यादा २० टक्के गळती आणि ५०० मिलिसेकंद विलंब अशी असते आणि घरासाठी ती ठीक आहे. ज्यांच्याकडे ही सोय नाही, त्यांनी अशा वेळी मुख्य वॅनची केबल हाताने काढावी. त्यात कमीपणा नाही.

प्रत्येक राउटरवर हे कुठे आहे

ईआर६०५वर ट्रान्समिशनच्या मेनूत लोड बॅलन्सिंगच्या पानावर लिंक बॅकअप आहे. तिथे मुख्य आणि राखीव वॅन निवडून फेलओव्हरचा प्रकार घ्यावा. ऑनलाइन डिटेक्शनचा पर्याय ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर आणून तपासणीचे पत्ते स्वतः भरावेत. ‘ऑलवेज ऑनलाइन’ कधीही निवडू नये, कारण त्यात राउटर तपासणीच करत नाही. आसूसमध्ये ड्युअल वॅनच्या पानावर फेलओव्हरबरोबर फेलबॅकचीही खूण करावी लागते. ती राहिली तर मुख्य लाइन आल्यावरही घर राखीव लाइनवरच राहते. ओपन-डब्ल्यूआरटीवर एमवॅन३ हे पॅकेज टाकावे. तपासणीचे पत्ते, दोन तपासण्यांतला वेळ, किती अपयशांनंतर लाइन पडली आणि किती यशांनंतर उठली मानायची, हे सारे त्यात वेगवेगळे ठरवता येते आणि प्रत्येक तपासणी आपापल्या वॅनमधूनच बाहेर पडते. बारकाईने मांडणी करणाऱ्याला मी हेच सुचवेन.

मायक्रोटिकवर दोन डीफॉल्ट मार्ग (बाहेरच्या सगळ्या वाहतुकीचे) घालून मुख्य मार्गाचे अंतर १ आणि राखीव मार्गाचे २ ठेवतात; लहान आकड्याचा मार्ग आधी वापरला जातो. पलीकडचा पत्ता तपासण्यासाठी रिकर्सिव्ह मार्ग लागतो : तपासणीच्या पत्त्याकडे जाणारा मार्ग मुख्य गेटवेमधून, स्कोप १० देऊन घालायचा, आणि डीफॉल्ट मार्गाचा गेटवे म्हणून तोच तपासणीचा पत्ता, टार्गेट स्कोप ११ आणि पिंगची गेटवे-तपासणी लावून द्यायची. ही तपासणी दर १० सेकंदांनी होते आणि दोनदा उत्तर न आल्यावर मार्ग बंद मानला जातो. मास्करेडचा नियम (आतल्या पत्त्यांऐवजी वॅनचा पत्ता लावणारा) दोन्ही वॅनसाठी आहे ना हे पाहायला विसरू नये. राखीव वॅनवर तो नसेल तर राउटर वाट बदलतो पण पुढे काहीच जात नाही.

बदल झाल्यावर काय तुटते

लाइन बदलली की बाहेर दिसणारा पत्ता बदलतो, त्यामुळे चालू असलेल्या जोडण्या तुटणारच. व्हिडिओ मीटिंगची ॲप काही सेकंदांत स्वतः परत जोडून घेतात, ऑफिसचा व्हीपीएन बहुधा पुन्हा जोडावा लागतो. पैसे भरत असताना बदल झाला तर पुन्हा पैसे न भरता आधी खात्यातली नोंद पाहावी. आयपी फोन असेल तर राउटरच्या जोडण्यांच्या तक्त्यात जुनी नोंद शिल्लक राहून तो बराच वेळ मुका राहतो; एमवॅन३मध्ये बदलाच्या वेळी हा तक्ता साफ करण्याची सोय आहे, ती चालू करावी.

सीसीटीव्ही बाहेरून पाहण्यासाठी पोर्ट उघडलेला असेल, तर राखीव लाइनवर तो बहुधा चालणार नाही. राखीव वॅनवर १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होणारा पत्ता दिसला, तर ती लाइन कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहे आणि बाहेरून आत येण्याची वाटच नाही. घरातून बाहेरच्या सर्व्हरकडे जाणारा वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा, २५ सेकंदांच्या कीपअलाइव्हसह (जोडणी जिवंत ठेवणाऱ्या संदेशासह), हा त्यावरचा उपाय आहे. लाइन बदलली तरी तो स्वतः नव्या वाटेने उभा राहतो.

आयपीव्ही६चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब आयपी पत्त्यांचा, प्रश्न मला अजून मनासारखा सुटलेला नाही. उपकरणांना मुख्य कंपनीचे आयपीव्ही६ पत्ते मिळालेले असतात, आणि लाइन बदलल्यावर त्या पत्त्यांनी राखीव कंपनीच्या जाळ्यातून जाता येत नाही. परिणामी प्रत्येक साइट आधी अडखळते आणि मग आयपीव्ही४वरून उघडते. तुमचा राउटर पूर्वपद (पत्त्याचा सुरुवातीचा, कंपनीने दिलेला भाग) बदलण्याची सोय देत नसेल, तर तूर्त आतल्या जाळ्यावर आयपीव्ही६ बंद ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

राखीव लाइन मोबाइल सिमची असेल तर डेटाचा हिशेब आधी करावा. २ मेगाबिटने क्लाउडवर चित्रण पाठवणारा एक कॅमेरा तासाला सुमारे ०.९ जीबी खातो. असे चार कॅमेरे असतील तर रोजची २ जीबीची मर्यादा अर्ध्या-पाऊण तासात संपते आणि तुमची मीटिंग उरलेल्या कूर्मगतीवर येते. म्हणून कॅमेरे, संगणकांचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप राखीव वॅनवरून जाऊ नये असा फायरवॉलचा नियम सुरुवातीलाच घालावा. ज्या उपकरणांना बंदी घालायची, त्यांना आधी कायमचे आतले पत्ते नेमून दिले की हा नियम सोपा होतो.

चाचणी

वॅनची केबल उपटून केलेली चाचणी पुरेशी नाही, कारण तो बिघाड प्रत्यक्षात क्वचितच होतो. ओएनटी चालू ठेवून त्यामागची फायबरची जोडणी काढणे ही खरी चाचणी. हिरव्या टोकाची ती पिन सरळ ओढावी, टोकाला बोट लावू नये, त्यावर लगेच टोपी बसवावी आणि फायबरच्या टोकाकडे डोळा लावून कधीही पाहू नये. फायबरला हात लावायची भीती वाटत असेल, तर मुख्य ओएनटी आणि राउटर यांच्या मध्ये एक साधा जुना राउटर लावून त्याची ओएनटीकडची केबल काढावी. वॅनचा दिवा लागलेला राहून नेट जाते, म्हणजे तोच बिघाड घडतो.

चाचणीआधी एका लॅपटॉपवर तपासणीच्या यादीत नसलेल्या पत्त्याला सतत पिंग चालू ठेवावे आणि दुसऱ्यावर व्हिडिओ कॉल. जोडणी काढल्यापासून किती उत्तरे हरवली ते मोजावे, पिंग परत आल्यावर नवी साइट उघडून डीएनएस तपासावा, आपला बाहेरचा पत्ता खरोखर राखीव कंपनीचा दिसतो का ते पाहावे, दहा मिनिटे तसेच काम करावे आणि मगच जोडणी परत लावून राउटर किती वेळाने मुख्य लाइनवर येतो ते घड्याळात पाहावे. याउलट, मुख्य लाइन चालू असताना राखीव लाइन काढून घरात कुणालाही काही जाणवत नाही ना, हेही एकदा बघावे.

फेलओव्हर चांगला चालू लागला की एक नवी अडचण येते : मुख्य लाइन गेल्याचे कुणालाच कळत नाही. तक्रार नोंदवली जात नाही, लाइन आठवडाभर मेलेली राहते, आणि राखीव लाइन गेल्यावरच दोन्ही गेल्याचे उघड होते. त्यासाठी वॅनची स्थिती बदलली की राउटरने ईमेल किंवा टेलिग्रामवर निरोप पाठवावा अशी व्यवस्था करावी. मायक्रोटिक आणि ओपन-डब्ल्यूआरटीवर ती छोट्या स्क्रिप्टने होते. राखीव सिमच्या रिचार्जची मुदत फोनच्या कॅलेंडरमध्ये चार दिवस आधीची घालावी. मी राउटरच्या पेटीच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर दोन्ही लाइनचे ग्राहक क्रमांक, तक्रारीचे क्रमांक, कोणती केबल कोणत्या वॅनमध्ये आहे आणि शेवटची चाचणी कधी केली, एवढे लिहिलेले आहे. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सकाळी मी फायबर काढतो, वीस मिनिटे राखीव लाइनवर काम करतो आणि त्या कागदावर नवी तारीख लिहितो.